अकराव्या आठवड्याचा घाट

"तिला ऐकू येत नाही, बाबर. रस्त्यावर ती आपली जबाबदारी होणार," मी म्हणाले. "आहेत तेवढी माणसं सांभाळते आहे, ते पुरे आहे मला."

बाबर उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं कमरेच्या पिशवीतून छोटी वही काढली. शाळेच्या फाटकाच्या खांबावर टेकवून तिनं काहीतरी लिहिलं आणि पान माझ्यापुढं धरलं.

'जबाबदारी नको. तक्ता हवा.'

ती ओठ वाचते हे बाबरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तरीही ती समोर नसल्यासारखी मी बोलत होते. माझे कान तापले, पण मी शाळेत पंधरा वर्षं खेळ शिकवलेले. चेहरा जागच्या जागी ठेवायची सवय होती.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, वाईची. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि आमचा सहा जणांचा धावण्याचा गट होता. बाबर बँकेत होते, पन्नाशीचे, पोट सुटलेले पण दमाला पक्के. बाकीच्यांत एक औषधांचे दुकानदार, दोन शिक्षिका आणि पाटबंधारे खात्यातले एक अभियंता. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून जानेवारीतली एक डोंगरातली एकवीस किलोमीटरची शर्यत धरली होती आणि तयारीचा तक्ता अर्थातच माझ्याकडं होता.

तक्ता म्हणजे ड्रॉइंगच्या कागदावर आखलेले सोळा आठवडे. तीन आठवडे अंतर चढत जायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर यायचं. पुन्हा तीन चढते, एक उतरता. शरीर धावताना घडत नाही, धावून झाल्यावर विश्रांतीत घडतं, हे मी सगळ्यांना शंभरदा सांगितलेलं. पहिल्या महिन्यात नुसता पाया, सावकाश. दुसऱ्यात अंतर. तिसऱ्यात घाट. शेवटच्या दोन आठवड्यांत हात आखडता, म्हणजे शर्यतीच्या दिवशी पाय ताजे.

तक्त्याखाली लाल शाईत रस्त्याचे नियम होते. उजवीकडून धावायचं, म्हणजे समोरची गाडी आपल्याला दिसते. एकामागे एक, शेजारी-शेजारी गप्पा मारत नाही. अंगात भडक रंगाचं जाकीट. उजाडल्याशिवाय घाटात पाऊल नाही. वळणापलीकडचं दिसत नसेल तर रस्ता ओलांडून वळणाच्या बाहेरच्या बाजूनं जायचं. कानात गाणी अजिबात नाहीत, कारण मागचं कानांनी बघायचं. हे शेवटचं वाक्य माझं आवडतं होतं. आठ वर्षांत आमच्यातल्या कुणाला सायकलचा धक्कासुद्धा लागला नव्हता. रस्त्याचं मला कळतं असं मला वाटायचं आणि ते बरंचसं खरंही होतं.

त्या शेवटच्या नियमात सुवर्णा कासुर्डे बसत नव्हती.

ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. बाबरांच्या बँकेखालच्या दुकानात शिवणकाम करायची. आमच्या शाळेचे गणवेश तिथंच शिवले जात. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. बोलायची फार कमी, लिहायची भराभर.

"मॅडम, कालव्याच्या रस्त्यानं धावताना मी बघितलंय तिला," बाबर म्हणाले. "पाय बघा तरी एकदा."

"पायांचा प्रश्नच नाही हो." मी सुवर्णाकडं वळले. "तक्ता देते. पण लांबचं धावणं तू इथं करायचं, शाळेच्या मैदानात. रस्त्यावर नाही. चालेल?"

तिनं मैदानाकडं पाहिलं. अडीचशे मीटरची फेरी, एका कोपऱ्यात कबड्डीचं मैदान, दुसऱ्या कोपऱ्यात सायकलींची शेड. मग तिनं मान डोलावली.

माझा अंदाज होता, पंधरा दिवसांत कंटाळेल. नाही कंटाळली. रविवारी आम्ही मेणवलीकडं, बावधनकडं धावून यायचो, तेव्हा ती मैदानात गोल गोल फिरत असायची. शिपाईमामा पायरीवर चहा घेऊन बसायचे आणि तिच्या फेऱ्या मोजायचे. सातव्या आठवड्यात सोळा किलोमीटर होते. आम्ही परत आलो तेव्हा मामा उठून उभे राहिले आणि एखादा निकाल जाहीर करावा तसं म्हणाले, "चौसष्ट फेऱ्या, बाई. एक कमी नाही. मधे मलाच झोप लागली, पण पोरीनं बोटं दाखवून आकडा सांगितला."

आठव्या आठवड्यात, उतरत्या, ती स्टाफरूमच्या दाराशी आली. वही आधीच उघडी होती.

'नवव्यापासून घाट लिहिलाय. मैदानात घाट कुठं?'

मी म्हणाले, "जिन्यावर करू. शाळेला तीन मजले आहेत."

तिनं लिहिलं, 'शर्यत जिन्यावर आहे?'

मला हसू आलं, पण मी नाही म्हणाले. नवव्या आणि दहाव्या आठवड्यात तिनं खरोखर जिना केला, खाली-वर, खाली-वर, तास-तासभर. दहाव्या आठवड्याच्या शनिवारी बाबरांनी मला मैदानावर गाठलं.

"मॅडम, एक विचारू? चिडू नका."

"विचारा."

"तक्ता तुमचा, नियम तुमचे. तुमच्याच हिशेबानं घाट न करता ती शर्यतीला गेली तर गुडघे घेऊन बसेल. मग तिला तयारी कशाला करायला लावता? सरळ नको म्हणा."

"एकदाच," मी म्हणाले. "अकराव्या आठवड्याचा घाट. पुढं मी, मधे ती, मागं तुम्ही. मागचं तुम्ही ऐकायचं. काही गडबड झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

अकरावा आठवडा सगळ्यांत जड. अठरा किलोमीटर, वाईतून पसरणी घाटात नऊ वर आणि नऊ खाली. डिसेंबरचा मध्य होता. त्या रविवारी बाकीच्यांच्या घरी लग्नकार्य, आजारपण असं काहीबाही निघालं, त्यामुळं आम्ही तिघंच होतो. बरोबर उजाडता उजाडता पसरणी ओलांडली. थंडी चांगली होती, रस्ता कोरडा, पाचगणीकडून अजून गाड्या उतरायला लागल्या नव्हत्या. माझी लय छान लागली होती. अशा सकाळी आपण चाळिशीच्या आहोत हे लक्षातही राहत नाही.

दोन किलोमीटर चढल्यावर मी सहज मागं पाहिलं तर सुवर्णाची मान वळलेली. परत पाहिलं, परत वळलेली. दर आठ-दहा पावलांनी ती खांद्यावरून मागं बघत होती. चढावर असं केलं की लय तुटते, श्वास बिघडतो. मी हातानं खूण केली, पुढं बघ. तिनं मान हलवली आणि आठ पावलांनी पुन्हा मागं पाहिलं.

नवव्या किलोमीटरला एका चहाच्या बंद टपरीपाशी आम्ही वळायला थांबलो. पाणी प्यायलो. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द सावकाश बोलले. "मागं बघत राहू नकोस. मान धरेल, वेग जातो. मागचं आम्ही ऐकतोय ना? आमच्यावर सोड."

तिनं वही काढली. बोटं गार पडली होती, अक्षर वेडंवाकडं आलं.

'तुम्ही दोघांनी एकदाही गाडीसाठी मागं बघितलं नाही. मी मोजलं.'

"आम्हाला गरज पडत नाही," मी म्हणाले.

तिनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिवायला आलेलं माप चुकीचं आहे आणि गिऱ्हाईक ऐकत नाही, अशा वेळी शिंपी जसा बघतो, तशी ती बघत होती.

उतरताना मी क्रम बदलला. बाबरांचा उतारावर वेग चांगला, त्यांना पुढं घातलं. मधे सुवर्णा. मागं मी, कारण आता मागून येणाऱ्या गाड्यांची भीती जास्त आणि माझ्या कानांवर माझा विश्वास. खालून येणाऱ्या गाड्या समोर दिसत होत्या. त्यांचा घरघराट दोन वळणं आधीपासून कळायचा. वरून उतरणारी गाडीही गिअर बदलताना ओरडते. एक जीप गेली, एक एसटी गेली. दोन्हींची चाहूल मला सुवर्णाच्या मान वळवण्याआधी लागली होती, आणि खरं सांगते, मला त्याचं बरं वाटलं.

मग ते वळण आलं. रस्ता उजवीकडं वळतो, आतल्या अंगाला डोंगराचा कातळ, त्याखाली कोरडं गटार. पलीकडचं काही दिसत नाही. माझ्याच नियमाप्रमाणं तिथं रस्ता ओलांडून बाहेरच्या बाजूला, दरीच्या कठड्याकडं जायला हवं होतं. सुवर्णानं थबकून माझ्याकडं पाहिलं आणि बोटानं पलीकडची बाजू दाखवली. मी क्षणभर कान दिला. खालून काही नाही. वरून काही नाही. पाखरं आणि आमच्या बुटांचे आवाज. मी हात हलवला, चल, सरळ चल.

ती माझ्यापुढं वळणात शिरली. सात-आठ पावलं झाली असतील. तिनं मान वळवली.

तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्यानंतर तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यात शब्द नव्हता. सबंध घाट भरून जाईल एवढा मोठा, फाटका आवाज. ती उलटी फिरली, दोन पावलांत माझ्यावर आली आणि खांद्यानं मला गटारात ढकललं. स्वतःही माझ्यावर पडली. पुढं बाबर त्या आवाजानं दचकून कातळाला पाठ लावून उभे राहिले.

आमच्या डोक्यांवरून वारा गेला. एक टेम्पो, मागं स्ट्रॉबेरीच्या खोक्यांची थप्पी, वळण कापत आतल्या अंगानं, आम्ही होतो त्याच पट्ट्यावरून गेला. त्याला आवाज नव्हता. टायरची सरसर आणि खोक्यांची खडखड, तीही तो अंगावरून गेल्यावर ऐकू आली. शंभरेक पावलांवर तो कसाबसा रस्त्याच्या कडेला थांबला.

ड्रायव्हर पळत वर आला. पोरगाच होता, ओठ पांढरे पडलेले. "लागलं का? बाई, लागलं का?"

"हॉर्न द्यायला काय झालं होतं तुला?" बाबर ओरडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "आणि गाडीचा आवाज कसा नाही?"

पोरगा खाली बघत म्हणाला, "इंजिन बंद करून सोडली होती. उतार आहे तोवर डिझेल वाचतं... सगळेच सोडतात, साहेब."

"इंजिन बंद केलं की ब्रेक धड लागत नाही, स्टिअरिंग जड होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तरी?"

मी गटारातच बसले होते. डावं मनगट वाकडं दिसत होतं आणि अजून दुखत नव्हतं. सुवर्णाचा गुडघा खरचटून रक्ताळलेला. ती आधी माझं मनगट बघत होती, मग माझे डोळे, मग पुन्हा मनगट. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, रस्त्याकडेची एक सरळ काटकी घेतली आणि माझा हात असा नेटका बांधला की दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी केलं?

त्याच टेम्पोत बसून आम्ही वाईत आलो. इंजिन चालू ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये.

दवाखान्याच्या बाकावर, प्लॅस्टर वाळायची वाट बघत असताना, मी तिला विचारलं, "त्या वळणाला धोका आहे हे तुला कसं कळलं?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला बहुतेक. तिनं लिहिलं, 'मी पसरणीची आहे. तीन वर्षं रोज सकाळी या घाटात धावते. एकटी. टेम्पो त्या वळणाला नेहमी आत येतात.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाबरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला.

"तीन वर्षं?" मी म्हणाले. "मग मला सांगितलं का नाहीस? चौसष्ट फेऱ्या मारल्यास, जिने केलेस..."

'तुम्ही विचारलं नाही. घाट मला येतो. तक्ता येत नव्हता. दर वर्षी दोन महिन्यांनी पाय दुखून बसायचे.'

म्हणजे घाटात आमच्यापैकी सगळ्यांत जास्त धावलेली ती होती आणि मी तिला अडीच महिने मैदानात कोंडलं होतं. बाबर बिचारे उठले. त्यांनी तिघांसाठी चहा मागवला.

माझी शर्यत गेली. मनगटाची दोन हाडं मोडली होती, महिनाभर प्लॅस्टर. पण तक्ता मोडला नाही. बाराव्या आठवड्यात सुवर्णा गुडघ्याला पट्टी लावून धावायला आली, तेव्हा मी तिला परत पाठवलं. "उतरता आठवडा आहे. निम्मं. तेही तीन दिवसांनी." तिनं वाद घातला, दीड पान भरून. मी ऐकलं नाही. तक्ता मला येत होता, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

रस्त्याचे नियम मात्र मी तिच्याकडून घेतले. पुढच्या शनिवारी सगळा गट मैदानात जमला आणि तिनं आम्हाला मागं बघायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं. डावं पाऊल पडताना हनुवटी खांद्याकडं न्यायची, कंबर हलवायची नाही, नजर एकदा टाकून लगेच पुढं. लय न मोडता. औषधांचे दुकानदार दोनदा अडखळले आणि एकदा कबड्डीच्या मैदानात जाऊन बसले. ती पोट धरून हसली. बाबर मात्र लवकर शिकले. तक्त्याखालचा तो शेवटचा नियम मी खोडला आणि लिहिलं, दर दहा पावलांना मागं बघा. गाडी आहे की नाही हे दिसेपर्यंत ती आहे असंच समजा. पुढच्या दोन्ही लांबच्या धावांना सुवर्णा सगळ्यांत मागं होती, तिच्याच मागणीवरून. मी गळ्यात हात अडकवून स्कूटीवर बाबरांच्या मुलीच्या मागं बसून जायचे आणि गटाला पाणी पुरवायचे.

जानेवारीत शर्यत झाली. वाहतूक बंद ठेवलेला रस्ता, दोन्ही बाजूंना लोक, ढोल. मी शेवटच्या चढाच्या माथ्यावर उभी होते. सुवर्णा माथ्यावर आली तेव्हा तिच्यापुढं गटातलं कुणी नव्हतं. चेहरा लाल, पावलं आखूड, पण चालत नव्हती. एकवीस किलोमीटर तिनं दोन तास चार मिनिटांत संपवले. बाबर अकरा मिनिटांनी आले आणि शेवटची रेघ ओलांडून आडवेच झाले.

संपल्यावर आम्ही दोघी एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. ती केळं सोलत होती. पायातले बूट काढून तिनं बोटं मोकळी केली होती, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. बाबर मुलीबरोबर पाणी आणायला गेले होते. त्या पाच आठवड्यांत मी तिला एक गोष्ट सांगायची टाळत आले होते. आधी मनगट दुखतंय म्हणून, मग शर्यत जवळ आली म्हणून. आता कारण उरलं नव्हतं.

मी माझ्या प्लॅस्टर काढलेल्या, बारीक झालेल्या मनगटाकडं बघत बोलायला लागले.

"सुवर्णा, त्या दिवशी फाटकापाशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. तू माझी जबाबदारी नव्हतीस. तुला ऐकू येत नाही एवढंच मी बघितलं, तुला काय येतं ते बघितलं नाही. मला माफ कर."

उत्तर आलं नाही. मी तशीच खाली बघत बसले. मनात आलं, बरोबर आहे, का करावी माफ?

मग केळ्याचा वास असलेली दोन बोटं माझ्या हनुवटीखाली आली आणि त्यांनी माझा चेहरा वर उचलला. ती माझ्या ओठांकडं बघत होती, भुवया उंचावून. तिला एक शब्दही कळला नव्हता.

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तिच्याकडं बघत. या वेळी जास्त वेळ लागला.